बावीस वाट्यांची हजेरी

आमचे दत्तूभावोजी वाट्यांची हजेरी घेतात.

हजेरी शाळेत घेतात, कारखान्यात घेतात, फार तर तुरुंगात. भावोजी ती स्वतःच्या ओसरीवर घेतात. जुना पंचा अंथरायचा, पत्र्याची ट्रंक उघडायची, स्टीलची एकेक वाटी काढून तिच्यावर कोरलेलं नाव चष्म्याजवळ न्यायचं आणि खड्या आवाजात पुकारायचं, "गंगाराम तुकाराम!" मग स्वतःच आवाज बदलून उत्तर द्यायचं, "हजर!" "बाबू महादू!" बाबू नाकात बोलायचा, म्हणून त्याचं 'हजर' नाकातून येतं. "शिरपत लखू!" हा रातपाळीचा माणूस, कायम झोपलेला. त्याला दोनदा पुकारावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी सोबत एक शिवी.

अशा बावीस वाट्या. बाविसावी हजर झाली की भावोजी टाळी वाजवतात आणि चुलीकडे वळतात. त्या दिवशी आमच्या वाडीत काकवीचं सांदण असतं.

भावोजी म्हणजे आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. घर आमच्या शेजारीच, मधे एक शेवग्याचं झाड. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारलं तर "टायम नाय भेटला" म्हणतात. आता एवढा टायम भेटलाय तर करा, असं मी सुचवून पाहिलं. त्यावर म्हणाले, "वैनी, आता पोरगी पयला गुडघे बघते."

आमच्या वाडीची मुंबईत लालबागला एक खोली होती. दहा बाय बारा. तिच्यात वाडीची बावीस माणसं राहायची. सात कामावर, सात झोपलेली, उरलेली जिन्यात बसलेली, अशी व्यवस्था. आमचे हेही त्यातलेच. आणि दत्तूभावोजी तेविसावे, त्या खोलीचे आचारी. गिरणीत लागायला म्हणून गेले होते. पहिल्याच दिवशी खोलीवरची आमटी जमली आणि पुन्हा कोणी त्यांना गिरणीकडे जाऊ दिलं नाही. वाट्यांवरून भांडणं व्हायला लागली, तेव्हा त्यांनी नाव घालणाऱ्याला बोलावून प्रत्येकाची वाटी वेगळी करून टाकली. भांड्यावर नाव घातलं की निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी नाव वाचता न आल्यामुळे होतात.

सांदण तुम्ही फणसाचं खाल्लं असेल. हे तसं नाही. तांदळाचा रवा तुपावर भाजून नारळाच्या दुधात भिजवायचा. वाटीच्या बुडाशी दोन पळ्या काकवी, घाटावरून येते ती, काळपट लाल. तिच्यावर हलक्या हाताने रवा. मोठ्या पातेल्यात पाणी, पाण्यावर पेंढा, पेंढ्यावर वाट्या, वर फडकं बांधलेलं झाकण. पाण्यात एक काचेची गोटी टाकलेली असते. पाणी उकळतंय तोवर ती बुडाशी खडखडत राहते. ती गप्प झाली तर समजायचं पाणी आटलं. भावोजी कान लावून बसतात. "इंजिन चालू हाय," अधूनमधून आम्हाला कळवतात. आणि सांदण शिजलं की हात तोंडाशी धरून गिरणीचा भोंगा काढतात. पहिल्यांदा ऐकणारा माणूस पळतो. मग वाटी ताटलीत उलटी करायची. सांदण अलगद सुटतं, आणि बुडाची काकवी डोक्यावरून चारी बाजूंनी ओघळते, नवरीच्या मुंडावळ्यांसारखी.

हे मी आता प्रेमाने लिहितेय. तरुणपणी या सांदणाचं नाव काढलं तरी माझं पित्त खवळत असे.

माझं माहेर नाते. गावाचंच नाव नाते, त्यामुळे नाती जोडणं मला उपजत येतं, असा माझा समज होता. त्यात मी सातवी पास. एकोणीस वर्षांची, नाक वर, चालणं असं की जणू महाडच्या बाजारपेठेत माझी मिरवणूक निघालीय. आणि नवरा मुंबईला. त्याचं महिन्याला एक पत्र यायचं. त्यात चार ओळी दत्तूच्या सांदणाच्या आणि एक ओळ माझी. तीसुद्धा 'तब्येतीस जपणे' एवढीच. आता तुम्हीच सांगा, कुठल्या बाईला आपली सवत मिशीवाली असलेली आवडेल?

मी पत्राने कृती मागवली. ह्यांनी भावोजींना विचारून सविस्तर कळवली: रवा दोन शेर, नारळ सात, काकवी दीड शेर. घरात आम्ही तिघी. सासूबाई, मी आणि म्हैस. मला भागाकार येत होता, नाही असं नाही. पण बावीसला तिनाने भागलं की एक बाकी उरते, आणि त्या वयात मला कशातलीच बाकी खपत नसे. मी सगळंच केलं. त्यातून पत्रात 'काकवीचा पाक' असा शब्द होता. पाक म्हटल्यावर सातवी पास बाईने तो चढवायला नको? काकवी मुळात पाकच असते, हे सातवीपर्यंत शिकवत नाहीत. मी ती चुलीवर अर्धा तास आटवली. वाट्या गार झाल्या तशी ती काचेसारखी धरली. सांदण निघेना. वरवंट्याने ठोकलं तेव्हा दोन वाट्यांना पोचे आले, सांदणाला काही झालं नाही.

सासूबाई दारात उभ्या. घरभर मांडलेल्या वाट्या बघून म्हणाल्या, "गो, बारसा हाय का बारावा?"

म्हशीने तीन दिवस खाल्लं. चौथ्या दिवशी तिनेही तोंड फिरवलं. मी ह्यांना पत्र टाकलं, 'सांदण उत्तम झाले. सर्वांस आवडले.' सर्वांस म्हणजे म्हशीस.

त्यानंतर कितीतरी वर्षं भावोजी शिमग्याला गावी आले की मी त्यांच्या चहात साखर घालायला विसरत असे. दर वर्षी न चुकता विसरत असे. त्यांनी कधी तक्रार केली नाही. "वैनीचा चाय एकदम कडक," एवढंच म्हणायचे, आणि मला वाटायचं, काय हा मूर्ख माणूस!

पुढे गिरण्या बंद पडल्या. माणसं पांगली. कोणी विरारला गेलं, कोणी बदलापूरला, कोणी गावी परत, कोणी आणखी वर. खोली शेवटी भावोजींनी झाडली आणि ट्रंक उचलून एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "बाबा, ट्रंकेत काय?" भावोजी म्हणाले, "बावीस माणसं." बसमधल्या दोन बायका मागच्या सीटवर जाऊन बसल्या म्हणे.

तेव्हापासून त्यांचा नियम. दर माघात घाटावरून काकवी आली की सांदण करायचं, पण बावीस तोंडं असतील तरच. कमी नाही. "कमी माप आपल्याला येत नाय, वैनी. चाळीस वर्षं बावीसचाच केला. हाताला तीच सवय." माझ्या नातीने पुण्याहून फोन करून लाडीगोडी लावली, "दत्तूआजोबा, दोन माणसांची रेसिपी सांगा ना, मी आणि हा." भावोजी म्हणाले, "बाय माजे, दोन माणसांचा संसार व्हतो. सांदान व्हत नाय."

आता माघात वाडीत बावीस तोंडं आणायची कुठून? गणपतीला वाडी फुलते, मेमध्ये फुलते. माघात अकरा घरांपैकी सात घरांना कुलूप. गेल्या वर्षी सतरा भरली. भावोजींनी भिजवलेला रवा तसाच ओतून टाकला आणि आठ दिवस दार लोटून बसले. माझ्याशीसुद्धा बोलेनात. मी शेवग्याच्या शेंगा तोडायला गेले तरी आतून आवाज नाही.

यंदा काकवीचा डबा आला तेव्हा ते माझ्या ओट्यावर येऊन म्हणाले, "वैनी, ह्या टायमाला बावीस नाय भरली, तर ट्रंक देवळात देऊन टाकतो. पूजेच्या प्रसादाला वाट्या कामाला येतील. खालीपिली कशाला ठेवायच्या? आपला काम खल्लास."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे मला आवडलं नाही. मी ठोकून दिलं, "बावीस हायत. मी मोजलीत. उद्या सकाळी रवा भिजवा."

"कोण कोण?"

"तुम्हाला काय करायचंय? आचाऱ्याने पाहुण्यांची चौकशी करू नये."

सकाळी आठ वाजता शेवग्यापलीकडे नारळ फुटायला लागले आणि मी घाबरले. भावोजींना सोडून वाडीत माझ्यासकट माणसं होती नऊ. त्यातल्या दोघांना साखर. नारळाचं दूध दुपारपर्यंत थांबतं, पुढे आंबतं. म्हणजे चार तासांत मला तेरा माणसं जन्माला घालायची होती, तीही या वयात.

काठी घेतली आणि निघाले.

शाळेत गेले. चार मुलं आणि एक बाई. बाई म्हणाल्या, "आजी, पोषण आहाराची खिचडी आहे आज." म्हटलं, "खिचडीने पोषण होतं, बाई. पण पोरांना एकदा सुखही कळू दे." बाईंनी दप्तरं मिटायला सांगितली. झाली चौदा. खांबावर दोन वायरमन चढले होते. त्यांना खालून ओरडले, "उतरा रे, सांदान हाय!" वरचा म्हणाला, "आजी, लाइट चालू करायचीय." म्हटलं, "चार दिवस बंद हाय, तेव्हा कोण मेला? उतर." सोळा. पोस्टमन सायकलवरून येताना दिसला. तो म्हणाला, "काकी, तुमचं पत्र नाही काही." म्हटलं, "माझी पत्रं यायची बंद होऊन जमाना झाला. तोंड आणलंयस ना? चल." सतरा.

गेल्या वर्षीही सतराच. घड्याळात साडेअकरा. पाच कमी.

मी फाट्यावर जाऊन दगडावर बसले. आमच्या फाट्यावरून उजवीकडे गेलं की शिवथरची घळ, डावीकडे गेलं की आमची वाडी आणि पुढे काही नाही. पाऊण तास एकही वाहन नाही. एक म्हैस आली. पूर्वानुभवावरून मी तिला विचारलं नाही. मग एक पांढरी गाडी आली. आत नवरा, बायको, सासू, सासरे आणि एक चष्मेवाली मुलगी. मी मोजली. पाच! हात आपोआप जोडले गेले.

काच खाली झाली. "आजी, शिवथरघळीला कसं जायचं?"

माझं वय एकाहत्तर. कपाळावर आठ्या, हातात काठी. अशी बाई खोटं बोलेल असं कोणाच्या मनात येत नाही, हा म्हातारपणाचा सगळ्यात मोठा फायदा.

"डावीकडे," मी म्हणाले. "मीबी तिकडेच चाललेय. घेताव का गाडीत?"

गाडी भावोजींच्या अंगणात शिरली. शाळेची पोरं टाळ्या वाजवत होती. गाडीतला नवरा म्हणाला, "इथे घळ कुठाय?" म्हटलं, "घळ हजारो वर्षं तिथंच हाय, ती कुठं जात नाय. नारळाचं दूध थांबत नाय." त्याच्या सासूबाई पहिल्या उतरल्या. त्यांना तुपावर भाजलेल्या रव्याचा वास आला होता.

भावोजी ओसरीवर ट्रंकेशी बसून होते. त्यांनी अंगणात बोट फिरवून माणसं मोजली. परत मोजली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वैनी, ह्ये पाच कुणाचे?"

"माझ्या माहेरचे."

"नात्याचे?"

"नात्याचेच," मी म्हणाले, आणि चष्मेवाल्या मुलीला डोळा मारला. ती कसली हुशार, लगेच "आत्या!" म्हणाली. मी तिला त्या एका शब्दासाठी जन्मभर विसरणार नाही.

हजेरी सुरू झाली. ज्याच्या हातात जी वाटी, त्याने ते नाव घेऊन हजर म्हणायचं. पोस्टमन गंगाराम झाला. वरचा वायरमन शिरपत झाला आणि शिवी खाऊन खूश झाला. शाळेतली एक चिमुरडी बाबू महादू म्हणून उभी राहिली, आणि तिने कोणी न सांगता नाकात 'हजर' म्हटलं. मग भावोजींनी एक वाटी काढली आणि नाव पुकारलं नाही. वाटी नुसती माझ्यासमोर धरली. ती आमच्या ह्यांची. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्यांचं नाव आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलं. "हजर," मी म्हणाले, आणि वाटी हिसकावून घेतली, कारण लोक बघत होते.

तीन पाळ्यांत सांदण शिजलं. पाळीला आठ, सात, सात. तीनदा भोंगा झाला. पहिल्या भोंग्याला गाडीतले सासरे खुर्चीतून पडता पडता राहिले. तिसऱ्याला त्यांनी स्वतःच सूर लावला. ते डोंबिवलीचे निघाले, पण त्यांचे वडील गिरणीत होते. मग काय, त्यांनी भावोजींचा हातच सोडला नाही. पोरांच्या हनुवटीवरून काकवी गळत होती. साखरेची दोघं 'नुसती चव' म्हणत म्हणत आख्खी वाटी संपवून गेली. भावोजी पळी घेऊन नाचत होते. "कसा झालाय? फस्कलास ना? अरे शिरपत, तुला झोप नाय आली अजून?"

चारला गाडी घळीकडे गेली. सगळे पांगले. मी घरी येऊन अंग टाकलं. म्हटलं, सुटले वर्षभरासाठी.

तिसऱ्या दिवशी माझी परात आणायला गेले. सकाळचे दहा असतील. दार उघडं होतं. हाक मारायच्या आधी आतून आवाज आला, बारीक, टिकटिक टिकटिक. गोटीचा. पण मोठ्या पातेल्यात होतो तसा नाही. लहान भांड्यातला.

स्वयंपाकघरात भावोजी गॅससमोर स्टुलावर बसले होते. गॅसवर दुधाचं छोटं पातेलं, झाकणाला फडकं बांधलेलं. मला बघून उठले आणि पातेल्याच्या पुढे उभे राहिले. सहा फुटांचा माणूस, वीतभर पातेलं लपवायला बघत होता.

"काय हाय?"

"काय नाय. चाय."

"चायला फडकं?"

मी झाकण उचललं. आत कान तुटलेला चहाचा कप, कपात सांदण. वर चढलेलं, कडेने सुटलेलं, मधोमध एक बारीक चीर. एका माणसाचं. ओट्यावर मुठीने मोजलेल्या रव्याची खूण होती, आणि एकच पळी. असं पहिल्या खेपेला जमत नाही. मी हे काम बिघडवण्यात पारंगत आहे. जमलेलं मला लगेच कळतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की परवा बावीस माणसं जेवली, आणि हा माणूस जेवल्याचं मी पाहिलं नव्हतं. परवाच काय, कधीच पाहिलं नव्हतं.

"येतं तर तुम्हाला एकाचं," मी म्हणाले.

भावोजी जमिनीकडे बघत होते. "येतंय, वैनी. पयल्यापासून येतंय." मग ओट्यावरची पळी उचलत, "पण आपल्यापुरता जमतंय म्हटल्यावर मग कोण येईल?"

बाहेर कोणाची तरी कोंबडी ओरडत होती. मी काठी भिंतीला टेकवली आणि स्टुलावर बसले. कप फडक्याने धरून बशीत उलटा केला. सांदण अलगद सुटलं, काकवी ओघळली. त्यांनी चमच्याने बरोबर मधोमध कापलं आणि अर्धं माझ्याकडे सरकवलं.

मी खाल्लं.

सांगते तुम्हाला, परवाच्या बावीस वाट्यांत तसं एकही नव्हतं. मऊ, ओलसर, काकवी रव्यात मुरावी तेवढीच मुरलेली. उभ्या जन्मात इतकं चांगलं सांदण मी खाल्लं नव्हतं. भावोजी माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी तोंड वाकडं केलं. कडुनिंब चावल्यासारखं.

"पाक कमी पडला," मी म्हणाले. "रवा बाजूने कच्चा हाय. भावोजी, एकाच्या मापाला तुमचा हात नाय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी बशीकडे बघत राहिले. मग त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, आणि त्यांनी मांडीवर थाप मारली.

"बोललो व्हतो ना! बोललो व्हतो ना मी! बावीसच्या खाली नायच जमत आपल्याला!"

"नायच जमत," मी म्हणाले, आणि कपाच्या बुडाशी राहिलेली काकवी बोटाने पुसून घेतली.